ईशापूरच्या दोन जुन्या रायफली आणि पिशवीभर काडतुसे: आधी चेंबर ओळखा, मग काडतूस निवडा

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत एका जुन्या संग्राहकाच्या मालमत्तेच्या लिलावात तुम्हाला भारतीय बनावटीच्या दोन लष्करी रायफली मिळाल्या. पहिलीवर ‘जी.आर.आय.’, ‘ईशापूर’ आणि १९४३ अशी अक्षरे आहेत, तर दुसरीवर ‘आर.एफ.आय.’, ‘२ए१’ आणि १९६६. त्यांच्यासोबत निरनिराळ्या काडतुसांची एक पिशवी आली आहे. दोन्ही रायफली दिसायला सारख्या असल्यामुळे त्यांना एकच काडतूस चालेल का, दुकानात सहज मिळणारे .३०८ विंचेस्टर वापरता येईल का, आणि साताऱ्याच्या घरी आजोबांच्या परवान्यावरची अशीच एक रायफल आहे तिचे काय, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी लष्करात आर्मरर म्हणून अशाच रायफली उघडल्या, तपासल्या आणि दुरुस्त केल्या आहेत, आणि निवृत्तीनंतरही संग्राहकांसाठी तेच काम करतो. त्या अनुभवावर पुढचे उत्तर आधारलेले आहे.

सर्वात आधी दोन्ही रायफलींची मॅगझीन काढा, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) मागे ओढा आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागी, बोट घालून ते रिकामे असल्याची खात्री करा. नुसते वरून पाहणे पुरेसे नाही. लिलावातून आलेल्या रायफलीच्या चेंबरमध्ये तुटलेल्या पुंगळीचा (काडतुसाच्या पितळी कवचाचा) पुढचा तुकडा अडकून राहिलेला मी पाहिला आहे, आणि अंधाऱ्या चेंबरमध्ये तो डोळ्यांना दिसत नाही. पिशवीतले एकही काडतूस या टप्प्यावर कोणत्याही रायफलीत घालून पाहू नका. काडतूस ‘बसते’ याचा अर्थ ते ‘चालते’ असा होत नाही, आणि या विषयातल्या बहुतेक अपघातांचे मूळ याच गैरसमजात असते.

आता ओळख. तुमची पहिली रायफल ली-एन्फील्ड या ब्रिटिश रायफलींच्या घराण्यातली, .३०३ काडतुसाची नंबर १ मार्क ३ स्टार असावी. मूळ मार्क ३ चे नमुने १९०७ चे. पहिल्या महायुद्धात उत्पादनाचा वेग वाढवण्यासाठी तिच्यातले मॅगझीन कट-ऑफ (मॅगझीनमधली काडतुसे वर येऊ न देणारी पट्टी) आणि डाव्या बाजूचे लांब पल्ल्याचे व्हॉली साइट हे भाग गाळले गेले आणि ‘स्टार’ नमुना तयार झाला. ओळखायची खूण सोपी आहे: नळीचे तोंड पुढच्या जाड लोखंडी टोपणाच्या पातळीतच संपते, त्या टोपणाखाली संगीन अडकवायची छोटी गोल घुंडी असते आणि मागची साइट नळीच्या मध्यावर, लाकडी आवरणात बसवलेली असते. याच घराण्यातल्या पुढच्या नंबर ४ रायफलीत याउलट नळीचे टोक टोपणाबाहेर दिसते आणि मागची साइट बोल्टच्या अगदी जवळ, डोळ्यापाशी असते. कोणी तुम्हाला नळीच्या मध्यावर साइट असलेली, नळी आखूड केलेली रायफल ‘जंगल कार्बाइन’ (आखूड नंबर ५) म्हणून विकत असेल तर ती खरी नंबर ५ नव्हे, कारण नंबर ५ ही नंबर ४ वरून बनवलेली होती. अमेरिकेतल्या आयातदारांनी ईशापूरच्या अनेक रायफली अशा कापून विकल्या आहेत.

शिक्के पाहण्याची जागा म्हणजे दस्ता जिथे लोखंडाला जोडला जातो तिथली उजवी बाजू. तिथे मुकुट, ‘जी.आर.आय.’ म्हणजे सम्राट जॉर्ज यांची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव, वर्ष आणि नमुना अशी उतरंड असते. कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ब्रिटिश भारतीय सैन्यासाठी रायफली बनत होत्या. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह व ‘आर.एफ.आय.’ (रायफल फॅक्टरी ईशापूर) ही अक्षरे आली. ईशापूरची आणखी एक खूण म्हणजे मॅगझीनच्या पुढे लाकडातून आरपार गेलेला आडवा स्क्रू. तो लाकूड चिरू नये म्हणून घातलेला आहे, त्यामुळे तो पाहून रायफल खराब झाल्याची शंका घेऊ नका.

शिक्के खरे आहेत का, हेही तपासावे लागते. खैबर खिंडीच्या परिसरातल्या, विशेषतः दारा आदम खेलच्या कारागिरांनी हाताने घडवलेल्या नकला जगभर पसरल्या आहेत आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांनी त्यातल्या कित्येक अमेरिकेत नेल्या. उलटे कोरलेले ‘एन’, वाकडीतिकडी अक्षरे, एकाच शब्दातल्या अक्षरांची वेगवेगळी उंची ही त्यांची लक्षणे. सर्वात पक्की खूण इतिहासाची आहे: राणी व्हिक्टोरिया १९०१ मध्ये वारल्या, त्यामुळे ‘व्ही.आर.’ आणि १९१५ ही दोन्ही एकाच शिक्क्यात असतील तर ती रायफल कारखान्यातली असूच शकत नाही. अशा नकलांचे लोखंड कोणत्या दर्जाचे आणि किती तापवून पाणी दिलेले, हे कोणालाच सांगता येत नाही. त्या भिंतीवर ठेवाव्यात, त्यांत काडतूस भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचप्रमाणे दस्त्यावर, नळीवर किंवा बोल्टवर ‘डी.पी.’ अक्षरे असतील तर ती कवायतीसाठी बाद केलेली रायफल आहे आणि तीही झाडायची नाही, मग चेंबर कितीही स्वच्छ दिसो.

दुसरी रायफल पहिलीची जुळी वाटते, पण आतून ती वेगळी आहे. १९६२ च्या चीनविरुद्धच्या युद्धानंतर सैन्य ७.६२ मिमीच्या नाटो काडतुसाकडे वळत होते, पण नवी स्वयंभरणी रायफल सर्वांपर्यंत पोहोचायला वेळ लागणार होता. म्हणून ईशापूरने जुन्या नंबर १ च्याच रचनेवर, अधिक चांगल्या पोलादाची, ७.६२ साठी नव्याने बनवलेली २ए रायफल काढली आणि पुढे मागच्या साइटची मापे बदलून २ए१. ही जुनी .३०३ रायफल बदलून केलेली नाही, हे नीट लक्षात ठेवा, कारण अनेक विक्रेते तसेच सांगतात. दुरूनही ओळखता येईल असा फरक मॅगझीनचा आहे. .३०३ च्या १० काडतुसांच्या मॅगझीनचा तळ तिरका असतो, तर २ए१ चे मॅगझीन चौकोनी, पेटीसारखे आणि १२ काडतुसांचे असते.

इतके झाल्यावर बहुतेक लोक थांबतात. माझे म्हणणे असे आहे की खरी तपासणी इथून सुरू होते, कारण शिक्का रायफल कारखान्यातून निघाली त्या दिवसाबद्दल सांगतो. त्यानंतरच्या ७०-८० वर्षांत तिच्या चेंबरचे काय झाले, ते त्याला ठाऊक नसते. तुमच्या पहिल्या रायफलीच्या बाबतीत ही शंका मुळीच काल्पनिक नाही. ईशापूरच्या अनेक .३०३ रायफली पोलीस व तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी .४१० बोअरच्या एकबारी मस्केटमध्ये बदलल्या गेल्या. त्यांच्या नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) काढून टाकले, मॅगझीनमध्ये लाकडी ठोकळा बसवला, पण दस्त्याजवळचा शिक्का बऱ्याचदा तसाच राहिला. त्यांचे काडतूस .३०३ च्याच पुंगळीचे, फक्त मान न आवळलेले होते. पुढे अमेरिकेत त्यांतल्या काहींची चेंबरे दुकानी .४१० शॉटगन काडतुसांसाठी पुन्हा कोरली गेली. म्हणजे एकाच शिक्क्याखाली तीन वेगवेगळ्या काडतुसांची शक्यता आहे. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहा. आटे दिसले नाहीत, नळी आरशासारखी सपाट दिसली, तर तिला .३०३ म्हणणे तिथेच थांबवा.

अशीच गोष्ट पोर्तुगालच्या १९०४ च्या माउझर-व्हर्गेरो रायफलीची. तिच्यावर राजा कार्लोस यांचा मुकुटधारी शिक्का तसाच आहे, पण मूळच्या ६.५ मिमीच्या अनेक रायफलींची नळी १९३९ च्या सुमारास ७.९२ मिमीची करण्यात आली. आणि १८८८ च्या जर्मन कमिशन रायफलीत तर काडतूस बाहेरून सारखेच राहिले, फक्त गोळीचा व्यास ०.३१८ इंचावरून ०.३२३ इंच झाला. नवे काडतूस जुन्या चेंबरमध्ये बिनदिक्कत बसू शकते, आणि बार उडाल्यावर जाड गोळी अरुंद नळीत कोंबली जाऊन दाब धोक्याच्या पातळीला जातो. ‘बसते म्हणजे चालते’ हे का खोटे आहे, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

चेंबर निश्चित करण्याचा विश्वासार्ह मार्ग म्हणजे त्याचा साचा काढणे. यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू मिळतो, तो साधारण ७० ते ८८ अंश सेल्सिअसला वितळतो. चेंबर तेल पुसून कोरडे करावे, चेंबरच्या थोडे पुढे नळीत कापडाची घट्ट बोळी बसवावी, रायफल उभी धरून वितळलेला धातू मागच्या बाजूने ओतावा आणि तो घट्ट झाल्यावर, अर्धा तास उलटण्याआधी, हलक्या हाताने पुढून ढकलून काढावा. हा धातू थंड होताना आधी आकसतो आणि मग पुन्हा फुगतो. ओतल्यापासून सुमारे एका तासाने त्याचे माप चेंबरच्या खऱ्या मापाइतके होते. त्यामुळे मायक्रोमीटर लावायची वेळ घड्याळ पाहून ठरवावी. .३०३ ची पुंगळी ५६.४ मिमी लांब आणि तळाशी बाहेर निघालेल्या रुंद कडेची असते, कडेचा व्यास सुमारे १३.७ मिमी. ७.६२ नाटोची पुंगळी ५१ मिमीची, कड अंगाबाहेर न येणारी, सुमारे १२ मिमीची. साचा हातात आला की या दोघांत गोंधळ होऊ शकत नाही. .४१० चा साचा तर मानेशिवायचा, सरळ निमुळता येतो.

नळीचा व्यास मोजताना .३०३ मध्ये एक अडचण येते, तीही सांगतो. मऊ शिशाची गोळी नळीतून ढकलून तिच्यावर उमटलेले आटे मोजतात, पण एन्फील्डच्या नळीत बहुधा ५ आटे असतात. विषम संख्येमुळे खोलगट भागाच्या बरोबर समोर उंच भाग येतो, साधे कॅलिपर लावले की माप कमी दाखवते, आणि माणूस नळी अरुंद आहे असे समजून बसतो. तीन बिंदूंवर मोजणारे मायक्रोमीटर किंवा व्ही-ब्लॉक लागतो. युद्धकाळातल्या नळ्यांची मापे ०.३११ पासून ०.३१६ इंचांपर्यंत सापडतात, म्हणून नेम विस्कळीत येत असेल तर दोष आधी इथे शोधावा.

यानंतर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचे तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस टेकते ती जागा यांतले अंतर. .३०३ मध्ये काडतूस मागच्या कडेवर टेकते, त्यामुळे बोल्टच्या तोंडापासून त्या कडेच्या बैठकीपर्यंतचे अंतर ०.०६४ ते ०.०७४ इंच या लष्करी मर्यादेत असावे लागते. बोल्टवरचा क्रमांक आणि रायफलीवरचा क्रमांक जुळतो का, हे पाहा. जुळत नसेल तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे आणि हे अंतर तपासणाऱ्या गेजशिवाय ती रायफल झाडणे चूक आहे. जुळत असेल तरीही गेज लावावेच, कारण झीज क्रमांक पाहून होत नाही. हे काम स्वतः शिकण्यापेक्षा गेज असलेल्या जाणत्या गनस्मिथकडे करून घ्या आणि त्याच वेळी बोल्टच्या अडकणाऱ्या दोन्ही बाजू व नळीतले खड्डे तपासून घ्या.

पहिली रायफल खरोखर .३०३ निघाली तर काडतुसाची निवड कठीण नाही. तिच्या साइटची मापे १९१० च्या मार्क ७ काडतुसाची, म्हणजे १७४ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी आणि सेकंदाला सुमारे २,४४० फूट वेग धरून आखलेली आहेत. सर्बियाच्या प्रवी पार्टिझानचे १७४ ग्रेनचे किंवा चेक सेलियर अँड बेलोचे १८० ग्रेनचे नवे काडतूस त्याच्या जवळ जाते. ही नवी काडतुसे वापरा, जुना लष्करी साठा नको. झिजलेल्या नळीत तळाकडे निमुळत्या झालेल्या गोळीपेक्षा सपाट तळाची गोळी बहुधा चांगली लागते, हेही करून पाहण्यासारखे आहे. पुंगळ्या पुन्हा भरण्याचा विचार असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: लष्करी .३०३ चेंबर खांद्यापाशी मोकळे ठेवलेले असते, पुंगळी ताणली जाते आणि तळाच्या थोडी वर चमकदार कडे दिसू लागते. टोक वाकवलेली बारीक तार पुंगळीत घालून आतून फिरवा. त्या जागी खाच हाताला लागली की ती पुंगळी फेकून द्यावी.

आता .३०८ चा प्रश्न, ज्यावर सर्वात जास्त चुकीची माहिती फिरते. .३०८ विंचेस्टर १९५२ मध्ये बाजारात आले, ७.६२ नाटो १९५४ मध्ये मान्य झाले, आणि बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखे आहेत. तक्त्यांमध्ये .३०८ चा दाब ६२,००० (पौंड प्रति चौरस इंच) आणि नाटोचा ५०,००० असा दिसतो आणि त्यावरून १२,००० चा फरक आहे असा निष्कर्ष काढला जातो. तो बरोबर नाही, कारण दुसरा आकडा तांब्याचा तुकडा दाबून मोजण्याच्या जुन्या पद्धतीचा आहे आणि पहिला विद्युत संवेदकाचा. एकाच पद्धतीने मोजले तर नाटोचा दाबही ६०,००० च्या आसपास भरतो. तरीही मी २ए१ मध्ये दुकानी .३०८ वापरू नका असेच सांगतो, आणि माझी कारणे वेगळी आहेत. लष्करी ७.६२ च्या चेंबरला लांबीची मोकळीक जास्त दिलेली असते, व्यापारी .३०८ मध्ये हेडस्पेसची १.६३८ इंच ही शेवटची मर्यादा, तर लष्करी गेज १.६४५ इंचांच्या आसपासपर्यंत जाते. लष्करी पुंगळीचे पितळ जाड असते म्हणून ती हा ताण सहन करते, व्यापारी पुंगळी पातळ असल्याने तितका भरवसा देत नाही. शिवाय शिकारीसाठी भरलेल्या काही .३०८ काडतुसांत जड गोळी आणि जास्त वेग असतो, आणि ली-एन्फील्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, पुढे नाही. जाड पितळाचे, साधारण १४५ ते १५० ग्रेन गोळीचे, डब्यावर ७.६२×५१ असे स्पष्ट लिहिलेले काडतूस घ्या. या बाबतीत वेगळे मत असणारे जाणते लोक आहेत आणि कित्येकांनी .३०८ वर्षानुवर्षे वापरले आहे. मात्र ज्या रायफलीचे सुटे भाग आता बनत नाहीत तिला कमाल ताण देण्यात मला शहाणपण दिसत नाही.

पिशवीतली काडतुसे तळाच्या शिक्क्यांवरून वेगळी करा. ‘के’ आणि ‘एफ’ यांसह बाण असेल तर ते पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले आहे, ‘ओ.एफ.व्ही.’ असेल तर जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचे. वर्तुळातली अधिक चिन्हासारखी खूण नाटो प्रमाणाची. .३०३ वर रोमन ‘सात’ म्हणजे साधी गोळी. आकड्यासोबत ‘झेड’ असेल तर आत कॉर्डाइट या जुन्या दारूऐवजी नायट्रोसेल्युलोजची दारू आहे. तळाच्या मध्यावर जी टोपी असते (जिच्यावर मार बसून दारू पेटते), तिच्याभोवतीच्या कड्याचा रंगही पाहा. जांभळा म्हणजे साधी गोळी, तांबडा म्हणजे मार्ग दाखवणारी ट्रेसर, हिरवा म्हणजे चिलखतभेदी, निळा म्हणजे आग लावणारी. ‘जी’, ‘डब्ल्यू’ आणि ‘बी’ ही अक्षरे अनुक्रमे याच तीन विशेष प्रकारांची असतात. तांबडी, हिरवी व निळी कडी असलेली काडतुसे सरळ बाजूला ठेवा. नेमबाजीच्या मैदानावर त्यांना मनाई असते आणि कोरड्या गवतात त्यांनी वणवा लागू शकतो. मानेला चीर असलेले, हिरवट गंज चढलेले, गोळी हलणारे काडतूसही वापरायचे नाही.

उरलेली काडतुसे चांगली दिसली तरी मी ती संग्रहात ठेवायला सांगेन. जुन्या लष्करी टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असते. त्याचे क्षार नळीत उरतात, हवेतला ओलावा ओढतात आणि रात्रीतून गंज चढवतात. तेलाने ते निघत नाहीत, गरम पाण्याने नळी धुवावी लागते, मग कोरडी करून तेल लावायचे. याहून वाईट म्हणजे जुने काडतूस चाप ओढल्यावर लगेच न उडता थोड्या वेळाने उडू शकते. तसे झाले तर नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे धरून किमान एक मिनिट थांबावे आणि मगच बोल्ट उघडावा. घाईने उघडलेल्या बोल्टमागे डोळा असतो.

साताऱ्याच्या रायफलीबद्दल माझा अंदाज असा की ती .३०३ नसून .३१५ असावी. भारतात .३०३ आणि ७.६२ दोन्ही निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकांना मनाई असलेल्या मापांत, मोडतात, त्यामुळे सामान्य नागरिकांसाठी ईशापूर व कानपूरने ली-एन्फील्डच्याच बांध्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल बनवली. दिसायला ती इतकी सारखी आहे की गावोगावी तिला ‘थ्री-नॉट-थ्री’च म्हणतात. तिचे काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या ८×५० आर मॅनलिखरवरून आलेले, कडेचे आणि जाड गोळीचे आहे. त्यालाही बोलताना ‘एट एमएम’ म्हणतात, पण अमेरिकेत ‘एट एमएम’ मागितले की माउझरचे काडतूस हातात पडते, आणि या दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. नळीवरचे बोअरचे आकडे आणि परवान्यावरची नोंद जुळवून पाहा. आजोबांच्या नावचा परवाना संपला असेल किंवा ते हयात नसतील तर १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे रायफल विलंब न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि मगच वारसाने जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, तेही आधी मोजा. परवान्यावर खरोखरच .३०३ असेल तर विषय निषिद्ध बोअरचा, म्हणजे केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतला होतो, आणि तिथे वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय कोणताही अर्ज करू नका.

जुळवून पाहण्यासाठी तुमच्या पिशवीतले एखादे काडतूस भारतात सामानातून नेण्याचा विचारही करू नका. विमानतळावर सापडलेल्या एका काडतुसावरूनही शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. त्याऐवजी साताऱ्याच्या रायफलीच्या उजव्या बाजूचा, नळीच्या मागच्या भागाचा आणि परवान्याच्या पानाचा उजेडात काढलेला फोटो मागवा. तुमच्या दोन्ही रायफलींच्या साच्यांची मापे आली की तळाचा व्यास, एकूण लांबी आणि मानेचा व्यास हे तीन आकडे मला कळवा, म्हणजे पिशवीतली कोणती काडतुसे कोणत्या रायफलीची हे मी नेमके सांगू शकेन.